मॅनेजर, पण कोणाची?

दिवाळीच्या आधीचा रविवार, दुपारचे तीन वाजलेले आणि मी कंपनीचा टीशर्ट घालून ठाण्याच्या स्टोअरमध्ये ट्रायल रूमच्या बाहेर टोकनं वाटत उभी. माझी नोकरी खरं तर हेड ऑफिसात आहे, प्लॅनिंगमध्ये, म्हणजे कुठल्या स्टोअरला किती कुर्ते जाणार आणि कुठल्या साइझचे, हे एक्सेलमध्ये ठरवायचं. पण सणाच्या सीझनला सगळ्या हेड ऑफिसला वीकेंडला स्टोअरवर पाठवतात, त्याला 'स्टोअर सपोर्ट' म्हणतात. ऑक्टोबरमध्ये रजा मागायची सोयच नाही, भाऊबीजेची मागितली तर समोरचा असा बघतो जणू किडनी मागितली.

चार तासांत पायांचे तुकडे पडले. दुकानात उभं राहून काम करणाऱ्यांना बसायची सोय द्या असा कायदा केरळने 2018 ला आणि तामिळनाडूने 2021 ला केला हे वाचलं होतं, पण कायदा का लागला ते त्या दिवशी पोटऱ्यांनी सांगितलं. तिथली पोरं हे रोज करतात, त्यामुळे माझं रडगाणं त्यांच्यापुढे किरकोळच आहे, मान्य.

तर एक काकू आल्या, हातात मोरपंखी कुर्ता, "ताई ह्यात एक्सएल नाही का?" नव्हता. एसचा ढीग पडलेला, एक्सएल संपलेले. आणि ती फाइल माझी होती! होतं काय, की साइझचं प्रमाण आपण गेल्या वर्षीच्या विक्रीवरून काढतो, गेल्या वर्षी एक्सएल आठवडाभरात संपले म्हणून पुढे विकलेच गेले नाहीत, फाइलला वाटलं इथे एक्सएल चालत नाहीत, म्हणून ह्या वर्षी अजून कमी पाठवले. हे मला माहीत आहे, दुरुस्त कसं करायचं तेही माहीत आहे, फक्त ती फाइल मी रात्री अकराला बनवत होते आणि डोंबिवलीची गाडी डोळ्यासमोर होती.

तिथला बिलिंगचा मुलगा सहज म्हणाला, "मॅडम, आजचा कॉम्प ऑफ मिळेल ना तुम्हाला?" कॉम्प ऑफ म्हणजे सुट्टीच्या दिवशी काम केल्याची बदली सुट्टी, त्याला मिळते. तो पंच करून येतो, पंच करून जातो, महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने आणि आस्थापनांचा कायदा त्याच्यासाठी दिवसाचे तास मोजतो, वर काम केलं तर दुप्पट पगार सांगतो. मी म्हटलं नाही रे, मी असिस्टंट मॅनेजर. मॅनेजर दर्जाची माणसं त्या कायद्यातून बाहेर. आता माझ्या हाताखाली माणसं किती? शून्य. मी मॅनेज करते ती एक एक्सेल फाइल, तीही अधूनमधून हँग होते. तीन वर्षांपूर्वी हे प्रमोशन झालं तेव्हा आईने पेढे वाटले होते.

सप्टेंबर 2025 मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने कामाचे रोजचे नऊ तास दहा करायला मंजुरी दिली तेव्हा बाहेर सगळे चिडलेले, आणि आमच्या टीमच्या ग्रुपवर पहिला मेसेज काय, "म्हणजे आता दहाच तासांत सोडणार?" खूप हसलो. नंतर मेट्रोत घाटकोपरला जाताना तेवढं हसू आलं नाही.

एका वकील मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली कोर्ट हुद्द्याचं नाव बघत नाही, मुख्य काम काय ते बघतं, 1994 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, कॅरोना साहू कंपनीच्या शॉप मॅनेजरचा (हो, तीच आपली लहानपणची चपलांची कॅरोना). मी खूश. मग म्हणाली, तो हरला, कारण तो खरंच दुकान चालवत होता. म्हणजे तत्त्वाने माझी बाजू बरी आहे. पण सीझनमध्ये कोर्टात कोण जाणार, आणि परत येऊन त्याच खुर्चीत कोण बसवणार, सांगा.

सोमवारी साडेनऊच्या रिव्ह्यूमध्ये पहिल्याच स्लाइडवर आमचा टीशर्टमधला फोटो होता, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एक्सएलचा विषय मी काढला, तर म्हणे ऑफलाइन बोलू, म्हणजे मीटिंगबाहेर कधीतरी. रात्री जेवण झाल्यावर घरीच लॅपटॉप उघडला आणि ठाण्याचे एक्सएल वाढवले. फाइल पुढच्या सीझनची आहे, काकूंची ही दिवाळी गेलीच.