‘मूळ नाही’ या उत्तराची खातरजमा

गेली काही वर्षे माझा घरचा संगणक मोकळ्या वेळात ‘गिम्प्स’ या प्रकल्पासाठी गणिते करतो. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ साली सुरू केलेल्या या प्रकल्पात जगभरचे स्वयंसेवक मर्सेन मूळ संख्या, म्हणजे दोनच्या एखाद्या घातातून एक वजा केल्यावर मिळणाऱ्या मूळ संख्या, शोधत असतात. मी मात्र आवर्जून फेरतपासणीचेच काम मागून घेतो आणि ते दुय्यम आहे असे मला कधीच वाटलेले नाही.

एखादी संख्या मूळ असल्याचे कोणी कळवले, की निरनिराळ्या प्रोग्रॅमांनी, निरनिराळ्या यंत्रांवर ती लगेच पुन्हापुन्हा तपासली जाते. ‘मूळ नाही’ या उत्तराला ते भाग्य लाभत नाही, आणि चूक दडून राहते ती नेमकी तिथेच. ल्युका-लेमर चाचणीत ४ पासून सुरुवात करून दर पायरीला वर्ग करायचा, त्यातून २ वजा करायचे आणि तपासायच्या संख्येने भागून उरलेली बाकी पुढे न्यायची. शेवटी बाकी शून्य आली, तर संख्या मूळ. जेवढा घातांक, जवळजवळ तेवढ्याच पायऱ्या, म्हणजे कोट्यवधी. वैशाखाच्या उकाड्यात प्रोसेसर तापून किंवा मेमरी सदोष असल्याने मध्येच एखादा बिट, म्हणजे संगणकातला ० किंवा १ हा अंक, जरी उलटला, तरी तिथून पुढची प्रत्येक बाकी चुकते, आणि चुकलेल्या गणितातून अखेरीस शून्यच येण्याची शक्यता नगण्य असते. बिघडलेले यंत्र जवळपास नेहमी ‘नाही’ असेच सांगणार आणि खरी मूळ संख्या हातची निसटणार.

म्हणून शेवटच्या बाकीचे ६४ बिट, म्हणजे पडद्यावर दिसणारी सोळा अंकाक्षरांची एक ओळ, सर्व्हरकडे जाते. तेच गणित दुसरा स्वयंसेवक करतो आणि दोन्ही ओळी तंतोतंत जुळल्या तरच निकाल पक्का धरला जातो. नाही जुळल्या, तर ते काम तिसऱ्याकडे सोपवतात. यातली मला सर्वाधिक भावलेली खबरदारी म्हणजे फेरतपासणीत आकड्यांचे बिट वेगळ्या अंतराने सरकवून घेतलेले असतात, त्यामुळे प्रोग्रॅम तोच असला तरी प्रत्यक्ष गुणाकारातले आकडे बदलतात आणि दोन्ही यंत्रांनी एकसारखीच चूक करण्याचा धोका टळतो. ५,७८,८५,१६१ घातांकाची मर्सेन मूळ संख्या २०१३ साली सापडली. ती क्रमाने ४८ वी आहे, आधीची एकही राहून गेलेली नाही, हे २०२१ मध्ये निश्चित झाले, कारण त्याखालच्या घातांकांची फेरतपासणी पुरी व्हायला तेवढा काळ लागला.

रॉबर्ट गेर्बिट्झ यांनी २०१७ मध्ये सुचवलेल्या पडताळणीमुळे आता फर्माच्या प्रमेयावर आधारलेल्या दुसऱ्या एका चाचणीत गणित चालू असतानाच चूक पकडता येते आणि शेवटच्या बिनचूक टप्प्यापासून काम पुन्हा सुरू करता येते. २०२० पासून तर निकालासोबत एक पुरावाही तयार होतो, जो दुसरे यंत्र पहिल्या कामाच्या मानाने अगदी थोड्या वेळात तपासू शकते. ‘बॉइंक’ या, स्वयंसेवकांच्या संगणकांवर गणिते चालवणाऱ्या व्यवस्थेतील काही प्रकल्प विश्वासू ठरलेल्या संगणकांचे निकाल अधूनमधूनच पडताळतात, त्यामागची काटकसर मला समजते, पण यंत्राच्या लौकिकापेक्षा त्याच निकालाचा पुरावा मला अधिक मोलाचा वाटतो.

पुराव्याची सोय होण्यापूर्वी एकदाच तपासलेले अनेक घातांक अजून दुसऱ्या तपासणीच्या प्रतीक्षेत आहेत, आणि माझ्या संगणकासाठी मी तेच मागतो.