तुम्ही विचारलंत म्हणून: सोनूच्या तेलाबद्दल

"ते गांज्याचं तेल तू भावाला देतेस ना, गुण आला का गं?" हे मला लग्नात विचारलंय, बँकेच्या रांगेत विचारलंय, बाबांच्या तेराव्याला पानावर बसल्यावरसुद्धा विचारलंय. मी "थोडासा" म्हटलं की कोणालाच पटत नाही. ज्यांच्या घरी पेशंट आहे त्यांना "हो" ऐकायचं असतं आणि लगेच कुठे मिळतं ते, आणि बाकीच्यांना ऐकायचं असतं की आम्ही पोराला नशेला लावलं. म्हणून एकदाच नीट लिहिते.

आधी गांज्याचं. ते पानांचं तेल आहे. 1985 च्या एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून पानाचा अर्क आयुर्वेदिक लायसन्सवर निघतो, विजया नावाने, आणि वैद्यांच्या चिठ्ठीवर मिळतो. आमच्याकडे चिठ्ठी आहे, बिल आहे. पण तेवढ्यावर मी आत्याला "यात नशा नाहीच" असं सांगायचे ते चूक होतं. आमचं तेल फुल स्पेक्ट्रम, म्हणजे पानातलं सगळंच उतरवलेलं. या झाडातले दोन मुख्य घटक सीबीडी आणि टीएचसी, त्यातलं सीबीडी आलं तसं टीएचसीपण आलं, आणि टीएचसी चढतं. हे मला माहीत होतं तरी मी भांडायचे. 1839 मध्ये कलकत्त्यात ओशॉनेसी नावाच्या डॉक्टरने झटके येणाऱ्या तान्ह्या बाळाला याच झाडाचा अर्क दिला होता, हे मी इतक्या जणांना ऐकवलंय की आता आठवलं तरी नको वाटतं. एका बाळाच्या गोष्टीवरून माझ्या भावाचं काय ठरणार होतं?

माझ्या भावाचा, सोनूचा आजार तुम्हाला माहीतच आहे, लेनॉक्स-गॅस्टॉ, म्हणजे औषधांनीही सहज न आवरणाऱ्या फिट्सचा आजार. हेल्मेट का घालतो तेही माहीत आहे, फिट आली की कोसळतो. नाकाला कांदा लावा म्हणणाऱ्यांना मी आता उत्तर देत नाही.

तेल 2021 च्या पावसाळ्यात सुरू केलं, तेव्हा तो 22 वर्षांचा होता. आई कालनिर्णयवर प्रत्येक फिटची लाल टिकली काढते. जूनमध्ये 43 टिकल्या होत्या, ऑगस्टमध्ये 19. वैद्यांनी थेंब ठरवून दिले होते आणि घाई करू नका म्हणाले होते, पण 19 बघितल्यावर मला धीर धरवेना, मी माझ्या मनाने दुप्पट केले आणि पुढच्या आठवड्यात अजून वाढवले. न्यूरोलॉजिस्टना यातलं काहीच सांगितलं नव्हतं. ते रागावतील, पुढची अपॉइंटमेंट देणार नाहीत असं वाटायचं. खरं तर ते कधीच रागावले नव्हते, मीच ठरवून टाकलेलं.

सप्टेंबरात सोनू झोपायला लागला. आधी आम्हाला बरंच वाटलं, किती वर्षांनी शांत झोपतोय म्हणून. आई दाराशी बसून बघत राहायची. मग तो दुपारी जेवतानाच मान टाकायला लागला, वरणभात तोंडात तसाच राहायचा, आई बोटाने काढायची. गुरुवारी सकाळी उठलाच नाही. डोळे उघडायचा, माझ्याकडे बघायचा आणि मिटायचा. शेजारच्या काकांच्या गाडीतून नेलं, तो माझ्या मांडीवर आणि तोंडातून लाळ माझ्या ओढणीवर.

कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टर होती. तिने विचारलं काय काय चालू आहे. आईने घडाघडा सांगितली त्याची फिट्सची औषधं, क्लोबाझाम किती, व्हालप्रोएट किती, सकाळी किती, रात्री किती. मग तिने विचारलं, "अजून काही? आयुर्वेदिक, घरगुती?" आई माझ्याकडे बघायला लागली. मी नाही म्हटलं. बाटली माझ्या पर्समध्ये होती, पर्स काखेत होती आणि मी नाही म्हटलं.

त्यांनी सीटी केला, रक्त तपासलं, मेंदूला इन्फेक्शन असेल तर पाठीतून पाणी काढावं लागेल असं बोलायला लागले. रात्री दोनच्या सुमारास मला त्या सुईचं डोळ्यासमोर यायला लागलं आणि मी उठून त्या डॉक्टरच्या हातात बाटली दिली. ती काही बोलली नाही, फक्त लेबल दोनदा वाचलं. सकाळी मोठे डॉक्टर आले आणि त्यांनी समजावलं की क्लोबाझाम शरीरात मोडतं, त्यातून जो पदार्थ बनतो तोही गुंगी आणतो, आणि तो साफ करणारं लिव्हरमधलं एन्झाइम सीबीडी अडवतं. म्हणजे गोळी तेवढीच पण आत साठत गेलेली, वर टीएचसीची स्वतःची गुंगी. कशाने किती झालं ते सांगता येणार नाही म्हणाले. व्हालप्रोएटबरोबर लिव्हरवर ताण येऊ शकतो, तेही तेव्हाच कळलं, रक्तातलं एसजीपीटी, लिव्हरला त्रास झाला की वाढतं ते, वाढलेलं होतं.

मग त्यांनी जे सांगितलं त्यावर मी अजून अडकलेय. म्हणाले, ऑगस्टमधल्या त्या 19 टिकल्या तेलाच्या असतील किंवा साठलेल्या क्लोबाझामच्याही असतील. तेच तर फिट्सचं औषध आहे.

तो तीन दिवसांनी नीट जागा झाला आणि चहा मागितला.

हे ऐकल्यावर तुम्ही विचारता, मग बंद का नाही केलंत? केलं होतं, दोन महिने. टिकल्या 38 झाल्या. मग न्यूरोलॉजिस्ट आणि वैद्य दोघांना सगळं सांगून पुन्हा सुरू केलं, कमी थेंब, क्लोबाझाम कमी, तीन महिन्यांनी लिव्हरची तपासणी. आता महिन्याला 25 ते 30 असतात. पण त्याच्या फिट्स आधीही आपोआप कमीजास्त व्हायच्या, जुनी कालनिर्णयं काढून बघितली तर एका वर्षी काही न बदलता 24 होत्या.

अमेरिकेत 2018 मध्ये मंजूर झालेलं औषध शुद्ध सीबीडीचं आहे, आमच्या तेलासारखं नाही. सोनूच्याच आजारावर त्या औषधाचा जो अभ्यास झाला त्यात 225 पेशंट होते, मोठ्या डोसवाल्यांच्या कोसळण्याच्या फिट्स जवळपास 42 टक्के कमी झाल्या, पण ज्यांना औषधच नव्हतं त्यांच्यासुद्धा 17 टक्के कमी झाल्या. आणि तो डोस वजनाच्या किलोमागे 20 मिलीग्राम. सोनू 48 किलोचा, म्हणजे दिवसाला 960. आमच्या थेंबांत त्याच्या जवळपाससुद्धा नसतं. मग आमचं हे 43 चं 28 कशाने झालं? बाकीच्या घटकांनी, असं वैद्य म्हणतात. असेलही. मी मान हलवते.

कुठे मिळतं हे मी फोनवर सांगत नाही. त्याचा राग धरू नका. मी आधी विचारते पेशंटला क्लोबाझाम चालू आहे का आणि डॉक्टरांना सांगितलंय का, आणि दुसऱ्या प्रश्नावर समोरून जी शांतता येते ती मला ओळखीची आहे.

गेल्या महिन्यात न्यूरोलॉजिस्ट म्हणाले, खरंच बघायचं असेल तर मी सांगतो तसं हळूहळू कमी करत थांबवू, टिकल्या मोजू, एकदाचं कळेल. मला पटलं. तारीखसुद्धा ठरवली. त्या दिवशी सकाळी आईने देवघराच्या खणातून बाटली काढली, माझ्याकडे न बघता थेंब मोजले, नेहमीएवढेच, आणि सोनूने जीभ वर केली. मी काही बोलले नाही.