इलेक्ट्रिक गिटारवर स्लाइडची सुरुवात: माझा अनुभव

स्लाइड म्हणजे बोटात घालून तारांवर सरकवायची काचेची किंवा धातूची नळी. तारा फार खाली असतील तर ती फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर, आपटून खडखडते. म्हणून आधी सॅडलचे (ब्रिजवर तार जिथे टेकते त्या तुकड्याचे) स्क्रू फिरवून बाराव्या फ्रेटपाशी पहिली, म्हणजे सर्वांत बारीक, तार साधारण अडीच मिमी उंच घेतली आणि नऊच्या सेटऐवजी अकराचा, म्हणजे जाड तारांचा, लावला. बारीक तारा स्लाइडच्या भारानेच दबतात.

स्लाइड करंगळीत घातली की उरलेली बोटं कॉर्डसाठी मोकळी राहतात. प्रसिद्ध स्लाइड गिटारवादक ड्युएन ऑलमन अनामिकेत औषधाची काचेची बाटली घालायचा, तेव्हा यात सक्ती काही नाही. काचेचा आवाज मऊ, पितळेचा चकचकीत आणि वजनही जास्त. सैल बसत असेल तर आतून कापडी चिकटपट्टी लावावी.

ट्यूनिंग ओपन डी, म्हणजे मोकळ्या तारा छेडल्या की डी मेजर कॉर्ड वाजतो असं: जाड तारेपासून डी-ए-डी-एफ शार्प-ए-डी. यात एकही तार नेहमीपेक्षा वर ताणावी लागत नाही. ओपन ईमध्ये तीन तारा ताणाव्या लागतात. फ्लोटिंग ट्रेमोलो (स्प्रिंगवर तरंगणारा, हलणारा ब्रिज) असेल तर एक तार लावली की बाकीच्या हलतात. दोन-तीन फेऱ्या धरूनच चाला.

सूर मिळतो तो फ्रेटच्या पट्टीच्या बरोबर डोक्यावर, दोन पट्ट्यांच्या मध्ये नव्हे. वरून तिरकं पाहिलं की डोळा फसवतो. त्यापेक्षा बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला बोट नुसतं टेकवून छेडल्यावर येणारा घंटेसारखा सूर) वाजवायचा आणि मग तिथेच स्लाइड ठेवून तोच सूर जुळवायचा. स्लाइड तारेला फक्त टेकवायची, दाबायची नाही.

खरी मेहनत मात्र नको असलेले आवाज बंद करण्यात आहे. स्लाइड आणि नट (मानेच्या टोकाची, तारा जिच्यावरून जातात ती पट्टी) यांच्यामधला तारेचा तुकडाही गुणगुणतो, म्हणून मोकळी बोटं स्लाइडच्या मागे तारांवर अलगद पसरून ठेवायची. प्लेक्ट्रम (तार छेडायची चकती) बाजूला ठेवला आणि उजव्या हाताची बोटं वापरली. दुसरी तार मधल्या बोटाने छेडताना अंगठा चौथीवर, तर्जनी तिसरीवर, अनामिका पहिलीवर. मग तार बदलली की हे सगळं एकत्र सरकतं. कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय मला तरी सापडला नाही.

सरावाला एकच तार पुरते: मेट्रोनोम ६० वर, पाचव्या फ्रेटवरून सातव्यावर जायचं, चार मात्रा थांबायचं. व्हायब्रेटो (स्लाइड हलवून सुराला दिलेलं कंपन) सूर लागल्यावरच, पट्टीच्या दोन्ही बाजूंना सारखा. ओव्हरड्राइव्ह (अँपचा आवाज किंचित फाटवणारा परिणाम) थोडा ठेवला तर सूर लांबतो. जास्त केला तर स्लाइडची प्रत्येक खरखर अँपमधून ऐकू येते.