बाबांचा एकच प्रश्न

आज बाबांना घेऊन डॉक्टरांकडे तासभर बसलो. जिभेच्या कडेला कॅन्सरची गाठ, स्टेज 2. मला वाटत होतं, नुसत्या रेडिएशनवर भागेल. पण तोंडाच्या कॅन्सरमध्ये शक्य असेल तर आधी ऑपरेशनच. मानेतल्या ग्रंथीही काढतात, कारण स्कॅनमध्ये न दिसणारा आजार तिथे लपलेला असू शकतो. रेडिएशन लागेल का, ते काढलेल्या भागाच्या रिपोर्टवर. लागलंच तर आठवड्यातले 5 दिवस, साधारण 6 आठवडे. त्याआधी दात तपासून घ्यायचे.

बाबांनी एवढंच विचारलं, "बोलता येईल ना?"

डॉक्टरांनी कागदावर जीभ काढून दाखवली, किती जाईल, त्या जागी मनगटाजवळची कातडी कशी बसवतील. तो कागद बाबांनी चार घड्या करून खिशात ठेवलाय. अजून हो म्हणाले नाहीत. फार दिवस थांबताही येणार नाही.