हनोई ते साइगॉन रेल्वेने: मावशीबरोबर पाहिलेला व्हिएतनाम

व्हिएतनामला जायचं म्हटलं की पुण्यातल्या बहुतेक टूरवाल्यांकडे एकच साचा मिळतो. हनोईला उतरा, 'हा लाँग'च्या खाडीत बोटीत बसा, विमानाने दा नांगला जा, पुन्हा विमानाने हो चि मिन्ह सिटीला, म्हणजे जुन्या साइगॉनला, जा आणि परत या. देश दिसतो तो विमानतळ ते हॉटेल एवढ्याच पट्ट्यात. नकाशा पाहिला तर हा देश लांबुळका आहे, मधे अगदी चिंचोळा, आणि त्याच्या उत्तरेकडून दक्षिणेकडे 1,726 किलोमीटरचा एक रेल्वेमार्ग जातो. वाटेतली बहुतेक मोठी गावं या मार्गावर किंवा त्याच्या जवळ आहेत. देश बघायचा तर या गाडीने, टप्प्याटप्प्याने उतरत बघावा, असं माझं ठाम मत आहे. सत्तरीला टेकलेल्या, गुडघे दुखणाऱ्या, अंडंही न खाणाऱ्या मावशीला घेऊन मी तो तसाच पाहिला.

मावशी शाळेत संस्कृत शिकवायची. तिला मी सोप्या, चैनीच्या सहलीचे पर्याय दाखवले होते, पण तिने नकाशावर बोट ठेवून विचारलं, "ही गाडी रोज जाते ना? मग हिनेच जाऊ."

आधी हंगामाचं बघा, कारण व्हिएतनामात सगळीकडे एकाच वेळी चांगली हवा असणं दुर्मीळ. उत्तरेत डिसेंबर-जानेवारीत गारठा आणि भुरभुर. मधल्या पट्ट्यात, म्हणजे ह्वे, दा नांग, होई आन या भागात, सप्टेंबर ते डिसेंबर पाऊस. त्यातही ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पूर येतात. दक्षिणेत मे ते ऑक्टोबर पावसाळा. आपल्याकडच्या दिवाळीच्या सुट्टीत ह्वेला जाणं म्हणूनच मला धोक्याचं वाटतं, आणि नेमकी तीच सुट्टी लोक निवडतात. फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंतचा काळ तिन्ही भागांना त्यातल्या त्यात सोसतो. फक्त चांद्र नववर्षाचा, म्हणजे तेतचा आठवडा टाळा. सगळा देश गावी जायला निघतो, गाड्यांची तिकिटं मिळत नाहीत आणि दुकानंही बंद असतात.

व्हिसा ऑनलाइन मिळतो. एका प्रवेशाचे 25 डॉलर, मुदत 90 दिवसांपर्यंत. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करा. हुबेहूब तसाच चेहरा असलेली खासगी संकेतस्थळं शोधात वर येतात आणि जास्त पैसे घेतात. पासपोर्टवर नाव जसं छापलंय अगदी तसंच भरा. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं, ते गाळू नका. विमान घेताना जाताना मुंबई-हनोई आणि येताना हो चि मिन्ह सिटी-मुंबई असं घ्या. तीच वाट परत तुडवावी लागत नाही. पुण्याहून मुंबई विमानतळापर्यंतचा वेळ मात्र सढळ हाताने धरा.

हनोईत आम्ही फार रमलो नाही. जुन्या भागातल्या गल्ल्या, होआन किएम तळं, मधे मधे थेंबाथेंबाने गाळलेली दाट कॉफी, एवढं पुरे झालं. अंड्याची कॉफी तिथे प्रसिद्ध आहे, तिच्यात खरंच अंडं असतं, ते न खाणाऱ्यांनी सांभाळावं. रस्ता ओलांडताना संथ, एका गतीने चालत राहा. मधे थबकू नका आणि पळूही नका. दुचाकीवाले तुमचा वेग बघून बाजूने निघतात.

दुचाकीचा विषय निघालाच आहे तर पुणेकरांसाठी मुद्दाम सांगते. तिथे भाड्याची स्कूटर सहज मिळते, दुकानदार परवानाही विचारत नाही. पण आपल्याकडे मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना 1949च्या करारानुसार असतो आणि व्हिएतनाम 1968च्या कराराचा परवाना मानतं. म्हणजे आपला परवाना तिथे कायद्याने चालत नाही, आणि अपघात झाला तर प्रवासविम्याचे पैसे मिळायची आशा सोडा. शहरात ग्रॅब ॲपवरून गाडी बोलवा. भाडं आधी दिसतं, घासाघीस लागत नाही.

हनोईहून निन्ह बिन्ह रेल्वेने दोन-अडीच तासांवर आहे. भातखाचरांतून सरळ उभे राहिलेले चुनखडीचे डोंगर, त्यांच्या पोटातून जाणारी नदी, आणि छोट्या होडीतून त्या गुहांमधून जायचं. ताम कॉक आणि त्रांग आन अशा दोन ठिकाणी होड्या मिळतात. ताम कॉकला वल्हवणाऱ्या बायका पाठीला टेकून चक्क पायांनी वल्ही मारतात. त्रांग आनची फेरी लांब, जवळजवळ तीन तासांची, गुहाही जास्त आणि काही ठिकाणी छत इतकं खाली येतं की वाकावं लागतं. मावशीच्या पाठीसाठी आम्ही ताम कॉक निवडलं आणि सकाळी लवकर गेलो, तेव्हा पाण्यात जवळपास आम्हीच होतो. वल्हवणाऱ्या बाईंना शेवटी बक्षिसी द्यायची पद्धत आहे, सुटे पैसे जवळ ठेवा.

पैशांचं गणित: साधारण 300 डोंगचा एक रुपया, म्हणजे एक लाखाची नोट सव्वातीनशे-साडेतीनशे रुपयांची. वीस हजाराची आणि पाच लाखांची नोट दोन्ही निळसर असतात. संध्याकाळच्या उजेडात त्या सारख्याच दिसतात, म्हणून पाच लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा.

निन्ह बिन्ह ते ह्वे ही रात्रीची गाडी. चार बर्थचा डबा घ्या. सहा बर्थच्या डब्यात गादी पातळ असते आणि वरच्या बर्थवर नीट बसताही येत नाही. खालच्या बर्थला थोडे जास्त पैसे पडतात, पण ज्येष्ठ बरोबर असतील तर त्यात काटकसर करू नका. फलाट बुटके असतात, डब्यात चढायला उंच पायऱ्या आहेत. आम्ही आधी सामान वर दिलं, मग मावशी दोन्ही हातांनी दांडा धरून चढली. प्रत्येक स्टेशनवर हाच क्रम ठेवला आणि कुठे अडलं नाही. तिकिटावर पासपोर्ट क्रमांक असतो, पासपोर्ट हाताशी हवा. दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांचे क्रमांक विषम आणि उत्तरेकडे येणाऱ्यांचे सम, एवढं लक्षात ठेवलं की फलाटावर गोंधळ होत नाही.

डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याची टाकी असते. हे कळल्यामुळे मी घरून भाजलेल्या रव्याच्या उपम्याची कोरडी पुडी, मेतकूट आणि भरपूर चिवडा नेला होता. गाडीतल्या ढकलगाडीवरच्या भाताबरोबर मांस असतंच, त्यामुळे शाकाहारी माणसाने रात्रीच्या गाडीत आपली शिदोरी ठेवलेली बरी.

गाडीच्या बाहेर मात्र शाकाहाराची चिंता आम्हाला वाटली होती त्याच्या पावपटही करावी लागली नाही. दुकानावर 'चाय' अशी पाटी शोधायची, तिथे सगळं शाकाहारी असतं. तिथले अनेक बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला मांसाहार करत नाहीत, त्या दिवशी तर साध्या खानावळीतही शाकाहारी ताटं लागतात. साध्या हॉटेलात "तोय आन चाय" (मी शाकाहारी आहे) एवढ्यावर थांबू नका, "खोंग नुओक माम" (नुओक माम नको) असंही सांगा. नुओक माम म्हणजे माशांचं आंबवलेलं पाणी, ते भाजीतसुद्धा पडतं. मी हे दोन्ही आणि 'अंडं नको' असं व्हिएतनामीत लिहून घेतलेला कागद पर्समध्ये ठेवला होता. लसूण घालून परतलेली नाळीची भाजी, टोफू आणि भात हे जेवण रोज कुठेही मिळालं, आणि मावशीला ते मनापासून आवडलं.

ह्वे यायच्या तास-दीड तास आधी गाडी बेन हाई नदी ओलांडते. 1954 ते 1975 या नदीच्या आसपास देशाचे दोन तुकडे होते. फ्रेंचांनी 1936 साली पुरा केलेला हा रेल्वेमार्ग फाळणीत तुटला, युद्धात बॉम्बनी उखडला गेला आणि 31 डिसेंबर 1976 रोजी पुन्हा सुरू झाला. खिडकीतून दिसते ती एक साधी नदी आणि दोन्ही काठांना भात. समोरच्या बर्थवरच्या आजोबांनी नदीकडे हात केला आणि कितीतरी वेळ बाहेर बघत राहिले. आम्हाला भाषा येत नव्हती, पण हातवाऱ्यांतून एवढं कळलं की त्यांचं गाव त्या काठावरचं.

ह्वेला निदान दोन दिवस द्या. 1802 ते 1945 राज्य केलेल्या न्युएन घराण्याची ही राजधानी. किल्ला प्रचंड आहे आणि सावली कमी, म्हणून दार उघडताच आत जा आणि अकराच्या आत बाहेर पडा. राजांच्या समाध्यांपैकी खाई दिन्हच्या समाधीला खूप पायऱ्या आहेत, 'तू दुक' या राजाची समाधी झाडी आणि तळ्यांमुळे ज्येष्ठांना सोयीची. थिएन मू पॅगोड्यात एक जुनी निळी ऑस्टिन मोटार ठेवलेली आहे. 11 जून 1963 रोजी भिक्खू थिक क्वांग डुक याच गाडीतून साइगॉनच्या चौकात उतरले आणि सरकारच्या बौद्धविरोधी धोरणाच्या निषेधार्थ त्यांनी स्वतःला पेटवून घेतलं. मावशी त्या गाडीसमोर हात जोडून उभी राहिली.

ह्वे ते दा नांग हा टप्पा दिवसाच करा, आणि डाव्या बाजूची जागा घ्या. हाई वान घाटात गाडी समुद्राला बिलगून, बोगद्यांमधून हळूहळू जाते. खाली खडकांवर लाटा, वर जंगल. चढासाठी गाडीला मागून जादा इंजिन लावतात, आपल्याकडे कर्जतहून खंडाळ्याकडे चढताना लावतात तसंच. बहुतेक प्रवासी हा भाग मोटारीने करतात. मोटारीतून वरचा घाट दिसतो, पण हा किनारा गाडीतूनच दिसतो.

होई आनला रेल्वे नाही, दा नांगहून तीसेक किलोमीटर मोटारीने जावं लागतं. संध्याकाळी कंदिलांच्या गर्दीत चालणंही अवघड होतं. सकाळी सहा-सातला तेच जुनं गाव शांत, रिकामं मिळतं.

तिथून चाळीसेक किलोमीटरवर 'मी सन' नावाचं जुन्या देवळांचं ठिकाण आहे, आणि माझ्या मते मराठी माणसाने या देशात काही चुकवू नये ते हे. चंपा या चाम लोकांच्या जुन्या राज्यातल्या राजांनी चौथ्या शतकापासून जवळजवळ हजार वर्षं इथे शिवाची देवळं बांधली. पहिलं देऊळ भद्रवर्मन राजाने बांधलं आणि शिवाला नाव दिलं भद्रेश्वर. लाल विटांची देवळं आहेत, विटांच्या मधे चुना दिसतच नाही. 1969च्या अमेरिकन बॉम्बहल्ल्यात सगळ्यात मोठं देऊळ कोसळलं. खड्डे अजून दिसतात. भारतीय पुरातत्त्व खात्याने इथे दुरुस्तीचं काम केलं आणि 2020 साली त्या कामातच नवव्या शतकातलं एकसंध वालुकाश्माचं शिवलिंग सापडलं. संस्कृत शिलालेखांसमोर मावशी बराच वेळ थांबली. लिपी तिला येत नव्हती. "पण मजकूर आपल्याला कळेल असा आहे गं," ती म्हणाली, आणि अभिषेकाचं पाणी देवळाबाहेर नेणारी प्रणाल कशी ओळखायची ते तिने मला दाखवलं. मार्गदर्शक मुलगीही आमच्याजवळ येऊन ऐकू लागली. पहिल्या फेरीला, ऊन चढायच्या आत जा. आत विजेच्या गाडीने काही अंतर नेतात, पुढे चालावं लागतं, पण चढ फारसा नाही.

'मी सन' आधी आणि दा नांगचं चाम संग्रहालय नंतर, असा क्रम ठेवा. देवळांमधली उत्तम शिल्पं तिथे आहेत: शेषशायी विष्णू आणि त्याच्या नाभीतून निघालेला ब्रह्मा, आणि उभा गणपती, हातातल्या वाटीत सोंड घातलेला. पुण्याहून गेलेल्या माणसाला हा गणपती भेटावा, यासाठी तरी दा नांगला अर्धा दिवस राखा.

दा नांग ते न्या त्रांग दिवसभराचा प्रवास, नऊ-दहा तासांचा. न्या त्रांगला पो नगर या देवीची चाम देवळं आहेत आणि आजही तिथे पूजा होते. गावाचा समुद्रकिनारा मला तरी हॉटेलांनी गिळलेला वाटला. त्यापेक्षा पुढे दोन तासांवर थाप चाम नावाच्या स्टेशनवर उतरा. टूरवाले इथे सहसा आणत नाहीत. स्टेशनजवळच्या टेकडीवर पो क्लोंग गराई देऊळ आहे, दारावर सहा हातांचा नाचणारा शिव, आत मुखलिंग, म्हणजे चेहरा कोरलेलं शिवलिंग. या भागात हिंदू परंपरा पाळणारे चाम लोक आजही राहतात आणि ऑक्टोबरच्या सुमारास काते उत्सवाला टेकडीवर जमतात. दुपारचं ऊन तिथे फार कडक लागतं. ओआरएसच्या पुड्या इथेच आमच्या कामी आल्या.

थाप चामहून संध्याकाळची गाडी धरली तर साइगॉनच्या वाटेवर ड्रॅगन फ्रूटच्या बागा लागतात. हंगामाबाहेर फुलं यावीत म्हणून शेतकरी रात्री झाडांवर दिवे लावतात, त्यामुळे मैलोन्‌मैल शेतं उजळलेली दिसतात. साइगॉनचं स्टेशन शहरातच आहे, रात्री उतरलो तरी ग्रॅब लगेच मिळाली. शहराचं सरकारी नाव हो चि मिन्ह सिटी असलं तरी स्टेशनचं नाव साइगॉनच आहे, तिकीट काढताना तेच शोधा.

हे सगळं निवांत करायला पंधरा-सोळा दिवस लागतात. कमी असतील तर हनोई आणि साइगॉनचे दिवस कापा, मधले नको. आरक्षणात सर्वांत आधी निन्ह बिन्ह-ह्वे गाडीचे खालचे बर्थ घ्या, ते लवकर संपतात, आणि बाकी हॉटेलं त्या तारखेभोवती बसवा.