एक ओळ बदलली आणि लंडनहून फोन आला

काकूंच्या फराळाच्या व्यवसायाचे ग्राहकांना जाणारे ईमेल मी तीन वर्षं बघते आहे. स्वयंपाकघर कोथरूडला, तळमजल्यावर. माझं टेबल वरच्या खोलीत. खाली अनारसे तळायला घेतले की वर कुणाचंही कामात लक्ष लागत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझी सुरुवातीची पद्धत म्हणजे मागचा मेल डुप्लिकेट करायचा, फोटो बदलायचे, मजकूर बदलायचा, पाठवून द्यायचा. बरेच दिवस निभावलं. 2025च्या अक्षय्य तृतीयेला, म्हणजे 30 एप्रिलला, आमरसाचा मेल असाच पाडव्याच्या मेलवरून केला. सगळं दोनदा वाचलं, पण प्रीव्ह्यू टेक्स्ट राहिलं. ते मेल उघडल्यावर दिसतच नाही. इनबॉक्समध्ये विषयाच्या शेजारी फिकट अक्षरांत दिसतं. विषय होता ‘आमरस तयार आहे’ आणि त्याला चिकटून ‘गुढी उभारलीत का?’ काकूंच्या नणंदेने स्क्रीनशॉट पाठवला. सोबत शब्द एकही नाही, नुसते जोडलेले हात.

मग मे महिन्यात बसले आणि जुने मेल अक्षरशः सुटे केले. दर मेलला पुन्हा पुन्हा लागणाऱ्या गोष्टी फार नव्हत्या: वरचा लोगो, पदार्थाचं कार्ड, पोच कधी मिळेल ती सूचना आणि तळाचा पत्ता व अनसबस्क्राइबची लिंक असलेला फुटर. हे एकेक नीट करून ब्लॉक म्हणून सेव्ह करायचं, आणि नवा मेल कोऱ्या पानावर ब्लॉक ओढून बांधायचा. काकूंना समजावून सांगितलं तर म्हणाल्या, “म्हणजे भाजणी करून ठेवायची. त्यात काय एवढं?”

सगळ्यात वेळ खाल्ला कार्डाने. मेलची रुंदी 600 पिक्सेल, त्यात दोन कार्डं शेजारी-शेजारी. ‘शंकरपाळे’ एका ओळीत मावतात, ‘पातळ पोह्यांचा चिवडा, कमी तिखट’ दोन ओळी घेतो, की लगेच ‘मागवा’ची बटणं एक वर, एक खाली. शेवटी नाव, वजन-किंमत आणि बटण अशा वेगवेगळ्या आडव्या ओळी केल्या आणि सगळे फोटो एकाच मापात कापले. लोगोचं दुखणं वेगळंच. काळी अक्षरं, मागे पारदर्शक. फोन डार्क मोडवर असला की लोगो गायब. मागे पांढरी पट्टी घातली. हे पूर्वी माहीत नव्हतं असं नाही, पण दर वेळी नव्याने कोण करणार? ब्लॉकमध्ये एकदा केलं आणि सुटले.

एक गोष्ट मात्र मराठीत मेल पाठवणाऱ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. मेलचा कोड 102 केबीच्या पुढे गेला की जीमेल तो मध्येच कापतो आणि उरलेला भाग एका लिंकमागे ठेवतो. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, वेलांटी, मात्रा हे सगळं वेगळं मोजलं जातं. त्यात सेव्ह केलेला प्रत्येक ब्लॉक आपापला कोड पाठीवर घेऊन येतो. चौदा कार्डांचा मेल टेस्टला पाठवला तर दहाव्या कार्डावर तुटला, आणि कापलं गेलं काय, तर फुटर. अनसबस्क्राइब सापडलं नाही की माणूस सरळ स्पॅमचं बटण दाबतो. आता सहाच्या वर कार्डं घालत नाही. काकूंना अजून वाटतं की मी आळस करते.

खरा गोंधळ ऑगस्टमधला. मेल पाठवायला आम्ही वापरतो त्या सेवेत ब्लॉक दोन तऱ्हांनी सेव्ह होतो. सुटा ब्लॉक मेलमध्ये टाकला की ती त्या मेलची स्वतंत्र प्रत. जोडलेला ब्लॉक मात्र एका जागी बदलला की तो जिथे जिथे असेल तिथे बदलतो, पाठवायला लावून ठेवलेल्या मेलमध्येसुद्धा. मला ही दुसरी सोय इतकी आवडली होती की मी सगळंच जोडून टाकलं. पोच-सूचनाही.

परदेशी पार्सलं आम्ही टपालाने पाठवतो. अमेरिकेने स्वस्त मालावरची शुल्कमाफी 29 ऑगस्टपासून काढली, म्हणून आपल्या टपाल खात्याने 25 तारखेपासून तिकडची पार्सलं थांबवली. पत्रं आणि 100 डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू तेवढ्या चालू होत्या. (“मग गिफ्ट लिहून पाठवा ना!” असे चार मेल आले. आठवड्याभरात तेही बंद झालं.) बातमी आली शनिवारी, गणपती बुधवारी, आणि दिवाळीच्या आगाऊ ऑर्डरचे देशागणिक वेगळे मेल रविवारी सकाळी जायला लावलेले. मी घाईघाईने अमेरिकेचा मेल उघडला आणि सूचनेत लिहिलं, ‘तुमच्याकडे पार्सल पाठवणं टपाल खात्याने तूर्त थांबवलं आहे.’ सेव्ह केलं. मोदकाच्या सारणाचा वास येत होता, खाली गेले.

रविवारी दुपारी लंडनहून फोन. “काय हो, आमचंही बंद केलं?” मग दुबई. मग मेलबर्न. सूचना जोडलेली, म्हणून सगळ्या देशांच्या मेलमध्ये बदलली होती, आणि ‘तुमच्याकडे’ हा शब्द सगळ्यांना लागू पडत होता ना!

गेलेला मेल परत बोलावता येत नाही. तासाभरात तिन्ही याद्यांना ‘तुमचं पार्सल चालू आहे, चूक आमची’ असा साधा मेल पाठवला. फोटो नाही, कार्ड नाही. काकू रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “थालीपिठाची भाजणी चकलीत घातलीस.”

त्या रात्री प्रत्येक ब्लॉक पुढ्यात घेऊन स्वतःला विचारलं: हे बदललं तर सगळीकडे बदलायला हवं आहे का? लोगो, फुटर, हो. सणाची पट्टी, नाही. पोच-सूचना देशागणिक वेगळी, आणि ब्लॉकच्या नावातच देश. किमतीवर मात्र अडले. त्या जोडलेल्याच ठेवल्या, आणि महिन्याभरात त्याचं चीज झालं. 22 सप्टेंबरला पॅकबंद नमकीनवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 वर आला. चिवडा, शेव, चकली यांची कार्डं एकदा बदलली आणि लावून ठेवलेल्या सगळ्या मेलमध्ये नव्या किमती आल्या. मिठाईवर आधीपासून 5च होता, त्यामुळे लाडू-करंज्यांना हात लावावा लागला नाही.

अमेरिकेचं टपाल पुन्हा सुरू झालं 15 ऑक्टोबरला. लक्ष्मीपूजन 21ला. आता मेल करून काय उपयोग, असं मी म्हटलं, तर काकू जिन्यातूनच ओरडल्या, “तुळशीच्या लग्नापर्यंत पोचेल म्हणून लिही!”

‘पोच – अमेरिका’ उघडला. कोपऱ्यात बघितलं: हा ब्लॉक 1 मेलमध्ये वापरलेला आहे. मग लिहायला घेतलं.