साइडबार दाखवायचा की नाही, हे कोणी ठरवायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. प्रश्न साधारण असा येतो: लॉगिनच्या पानावर मेनू नको, रिपोर्टच्या पानावर साइडबार हवा, प्रिंटसाठी दोन्ही नकोत, तर हे लॉजिक कंट्रोलरमध्ये (विनंती घेऊन डेटा जमवणारा कोड) टाकू, टेम्प्लेटमध्ये (पानाचं एचटीएमएल बनवणारी फाइल) टाकू की हेल्पर (टेम्प्लेटच्या मदतीचं छोटं फंक्शन) लिहू? विचारणाऱ्याचं वेब फ्रेमवर्क कुठलंही असो, तो रेल्सवाला असो, जँगोवाला असो की लाराव्हेलवाला, अडतो इथेच.

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. काय हवं ते पानाने सांगाड्याला, म्हणजे सगळ्या पानांभोवतीच्या लेआउटला, सांगावं, सांगाड्याने पानाला "तू कोण?" असं विचारू नये.

बिघडायला सुरुवात होते ती एका निरुपद्रवी इफने. सगळ्या पानांच्या सामाईक लेआउट फाइलमध्ये कोणीतरी लिहितं: कंट्रोलरचं नाव 'सेशन्स' (लॉगिन सांभाळणारा) असेल तर मेनू दाखवू नकोस. चालतं. मग पासवर्ड बदलायचं पान येतं, एक 'किंवा' वाढतो. मग आमंत्रण स्वीकारायचं पान. मग रिपोर्टमधलं फक्त प्रिंटचं ॲक्शन (कंट्रोलरमधलं एक काम), म्हणजे 'किंवा'च्या पोटात एक 'आणि'. ती अट वाचून कुठल्या पानावर काय दिसेल हे सांगता येईनासं होतं. पण खरी गंमत पुढेच आहे. कोणीतरी सेशन्स कंट्रोलरचं नाव बदलून 'ऑथ' ठेवतं. राउट (कुठला पत्ता कुठल्या कंट्रोलरकडे जातो त्या नोंदी) बदलतात, टेस्ट हिरव्याच राहतात आणि लॉगिनच्या पानावर अख्खा मेनू उगवतो. लेआउटमधलं ते नाव म्हणजे नुसती स्ट्रिंग, म्हणजे अवतरणातला मजकूर, होती. एडिटरच्या रीनेमला ती दिसली नाही, आणि जुन्या नावाशी तुलना केली म्हणून एररही येत नाही.

फ्रेमवर्क लिहिणाऱ्यांनी याची सोय कधीच करून ठेवली आहे. त्याआधी पीएचपीत वर हेडरची फाइल आणि खाली फूटरची फाइल जोडायची रीत होती. वर्डप्रेसच्या क्लासिक थीममध्ये ती अजून आहे. एका फाइलमध्ये उघडलेला डिव्ह (एचटीएमएलची चौकट) दुसऱ्या फाइलमध्ये बंद होतो, आणि पानाचा स्वतःचा मजकूर सुरू होईपर्यंत टायटल छापून झालेलं असतं. २००५ साली मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेट २.० मध्ये मास्टर पेज आलं. त्याच वर्षी सगळ्यांसाठी खुल्या झालेल्या जँगोत एक्सटेंड्स आणि ब्लॉक होते. कल्पना दोन्हीकडे एकच: सांगाडा एका फाइलमध्ये सलग लिहायचा, त्यात नाव दिलेल्या जागा सोडायच्या, आणि त्या पानाने भरायच्या.

रेल्समधला क्रम मुद्दाम पाहण्यासारखा आहे. तिथे एरवी आधी पान रेंडर होतं आणि मग लेआउट. त्यामुळे पानात कंटेंट_फॉर लावून 'साइडबार' या नावाखाली जे लिहाल, ते लेआउट सुरू होण्याआधीच तयार असतं. लेआउटने एवढंच बघायचं की या नावाने कोणी काही ठेवलंय का. असेल तर जागा करायची, नसेल तर तो डिव्ह छापायचाच नाही. कोणी ठेवलं, हे त्याला कळायची गरजच नाही. एएसपी डॉट नेटच्या रेझर टेम्प्लेटमध्ये हेच काम सक्तीचा नसलेला रेंडरसेक्शन करतो.

जँगोत जरा खोच आहे. एक्सटेंड्स लावलेल्या टेम्प्लेटमध्ये ब्लॉकच्या बाहेर लिहिलेला मजकूर रेंडरच होत नाही. म्हणजे पानाच्या डोक्यावर 'साइडबार हवा' असं व्हेरिएबल ठेवून ते बेसपर्यंत, म्हणजे मूळ सांगाड्यापर्यंत, पोचत नाही. ब्लॉक रिकामा आहे का, हेही बेसला सहज विचारता येत नाही. तिथे मधली पायरी घालावी: बेस, त्यावर साइडबारवाला बेस, त्यावर पान. पान कुठल्या पायरीवर उभं आहे, ते त्याच्या पहिल्याच ओळीत वाचता येतं. मला ही पद्धत खरं तर जास्त आवडते, फाइली वाढल्या तरी.

यावर एक हरकत नेहमी येते, आणि ती रास्त आहे. मेनूत चालू विभाग ठळक दिसायला हवा. तो मेनू तर सांगाड्यात आहे. मग सांगाड्याला पान ओळखावंच लागेल ना? बरेच जण इथे यूआरएल तपासतात. रेल्सचा करंट_पेज हेल्पर पत्ता जुळला तरच हो म्हणतो, म्हणून रिपोर्टच्या यादीवर मेनू ठळक होतो आणि एखादा रिपोर्ट संपादन करायला उघडला की विझतो. पत्त्याची सुरुवात जुळवून पाहिली तर मुखपृष्ठाची लिंक सगळीकडे ठळक, कारण प्रत्येक पत्ता तिरप्या रेषेनेच सुरू होतो. त्यापेक्षा पानानेच 'माझा विभाग रिपोर्ट' असं सांगावं आणि मेनूने ते आपल्या नोंदीशी ताडावं. हेल्परची खरी जागा इथे: जुळणाऱ्या लिंकला क्लास आणि एरिया-करंट (स्क्रीन रीडरला 'हे चालू आहे' सांगणारी खूण) लावणं. पानाने काही सांगितलं नाही तर काहीच ठळक होत नाही, आणि ती चूक लगेच नजरेत भरते.

लेआउटमध्ये इफ नकोच, असं मात्र मी म्हणत नाही. 'माणूस लॉगिन झालाय का' ही अट तिथे खुशाल असावी. ती माणसाबद्दल आहे, पानाबद्दल नाही.

आता कंट्रोलर. कुठला सांगाडा घ्यायचा, हे त्याने ठरवायला हरकत नाही: ॲडमिनसाठी एक, बाहेरच्या लोकांसाठी एक, प्रिंटसाठी एक. पण प्रत्येक ॲक्शनमध्ये 'साइडबार दाखवा' असा झेंडा फडकवणं मला पटत नाही. माझी चाचणी अशी: उद्या हेच ॲक्शन मोबाइल ॲपला जेसन (पान नव्हे, नुसता डेटा) देऊ लागलं, तर या ओळीला अर्थ उरतो का? नसेल, तर ती ओळ टेम्प्लेटची.

दोन रकाने की तीन, हे तर सर्व्हरने ठरवूच नये. मार्च २०१७ मध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी, तिन्हींत सीएसएस ग्रिड (रकाने मांडायची सोय) आलं. हॅज सिलेक्टर शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये फायरफॉक्समध्येही पोचला, त्यामुळे 'आत साइडबार असेल तर दोन रकाने' ही अट थेट सीएसएसमध्ये लिहिता येते. ब्राउझरचं नाव बघून सर्व्हरवर वेगळं पान बनवलंत, तर मधला कॅश (पानांच्या प्रती साठवून देणारा) एखाद्याचं मोबाइलचं पान दुसऱ्याच्या डेस्कटॉपवर नेऊन ठेवू शकतो. व्हेरी हेडर (पान कशावरून बदलतं हे कॅशला सांगणारी ओळ) बरोबर लावण्याची कटकट मागे लागते ती वेगळीच.

सांगाड्याला लागणारा डेटा हा वेगळा विषय आहे, पण गल्लत इथेच होते. न वाचलेल्या सूचनांचा आकडा प्रत्येक पानावर हवा, म्हणून प्रत्येक ॲक्शनमध्ये तीच क्वेरी लिहू नका. असा डेटा एका जागेवरून पुरवायला जँगोत कॉन्टेक्स्ट प्रोसेसर आहे, लाराव्हेलमध्ये व्ह्यू कंपोझर. फक्त क्वेरी लेझी (मागितली तरच चालणारी) ठेवा, म्हणजे मेनू नसलेल्या पानावर ती चालणारच नाही. आणि ५०० एररच्या (सर्व्हरमध्येच बिघाड झाल्याच्या) पानाला या सांगाड्यापासून लांब ठेवा. डेटाबेस पडला म्हणून एररचं पान आलं आणि त्यानेही सूचनांसाठी डेटाबेसच गाठला, तर दिसणार काय? रेल्समध्ये ते पान पब्लिक फोल्डरमधली साधी एचटीएमएल फाइल असते, आणि जँगोचा ५०० चा डीफॉल्ट व्ह्यू टेम्प्लेटला एकही व्हेरिएबल देत नाही, ते याच कारणाने.

परवानगीची तपासणीही सांगाड्यात नको. मेनूतून लिंक काढली तरी पत्ता टाइप करता येतो. नेक्स्ट जेएस या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कच्या ॲप राउटरमध्ये तर एकाच लेआउटखालच्या दोन पानांत फिरताना लेआउट पुन्हा रेंडरच होत नाही, म्हणजे तिथली तपासणी दुसऱ्या पानाच्या वेळी झालेलीच नसते.

आणि ज्यांच्याकडे इफचं जंगल आधीच माजलेलं आहे, त्यांनी सगळं एकदम उपटायला जाऊ नये. लेआउटच्या फोल्डरमध्ये कंट्रोलरचं नाव कुठे कुठे तपासलंय ते शोधा. लॉगिनचं पान आणि पासवर्ड, आमंत्रण ही त्याची भावंडं, यांच्यापासून सुरुवात करा. त्यांना कोरा, वेगळा सांगाडा दिला की निम्मी अट तिथेच गळते. मग साइडबार. मेनू ठळक करण्याचं काम शेवटी घ्या, कारण त्यासाठी प्रत्येक पानाला हात लावावा लागतो.